खुंट्यांखालची भिंत

१

मानसोपचार करणाऱ्या सायकालच्या खोलीतल्या दोन खुर्च्या समोरासमोर नव्हत्या. अरुंद बोळात दोन माणसं एकमेकांना वाट देताना उभी राहतात, तशा त्या थोड्या तिरप्या मांडलेल्या होत्या. समोर बसलेल्याला आपल्या डोळ्यांत बघायची सक्ती वाटू नये, म्हणून. रुग्णाच्या खुर्चीतून तिच्या डाव्या खांद्यावरून मागची भिंत दिसायची. कमरेपर्यंत हिरवा ऑइलपेंट, वर चुना, आणि चुन्यात ठोकलेल्या, कोट टांगायच्या लाकडी खुंट्या.

तालुक्याच्या गावातला हा सरकारी दवाखाना. सकाळी आली की सायकाल खिडकी थोडी उघडायची, किटली लावायची, दोन पेल्यांत चहा ओतायची आणि रुमालांचा डबा रुग्णाच्या हाताशी सरकवायची. वसंतात कोक-जार गावावर डोंगराची अख्खी कड चिखल होऊन उतरली होती. त्यातून वाचलेल्यांसाठी तिला राजधानीतून, बिश्केकहून इथे पाठवलं होतं. आता बाहेर सफरचंदांची पानं गळत होती, आणि माणसं अजूनही पावसाचा आवाज आला की जोडे न घालता घराबाहेर पळत होती.

तिचं काम सांगायला साधं होतं. रुग्णानं तो दिवस मनात धरायचा. तिनं दोन बोटं त्याच्या नजरेसमोर डावी-उजवीकडे न्यायची, त्यानं डोळ्यांनी बोटांमागे जायचं. असं पुन्हापुन्हा करताना कधीतरी तो दिवस सैल पडतो. "आठवण जात नाही," तिच्या गुरू लिदिया मार्कोव्ना शिकवायच्या, "तिची नांगी जाते."

झूरा नियमानं यायची. तिची मुलगी आयपेरी त्या सकाळी घरात झोपलेली होती आणि झूरा गाय पिळायला मागे गेली होती. ती वयानं सायकालच्या बरोबरीची, पण मानानं तिला एजे म्हणजे ताई म्हणायची.

"कुठे आहेस आत्ता?" सायकालनं विचारलं.

"दारात. बादली हातात आहे. ती पालथी झोपलीय, वेणी सुटलीय. मी म्हणते, उठवू का? मग म्हणते, झोपू दे." झूराचा आवाज फाटला. "झोपू दे म्हणाले मी, एजे."

"तिथेच राहा. बोटांकडे बघ."

बोटं गेली, डोळे गेले. बोटं परत आली, डोळे परत आले. चहावर साय धरली. आणि मग एकदा बोटं परत आली, पण डोळे आले नाहीत. झूराची नजर सायकालच्या खांद्यामागे, खाली, हिरव्या रंगापाशी थांबली होती.

"झूरा?"

"हं."

"काय दिसतंय?"

"काही नाही." डोक्यावरची जड घागर खाली ठेवल्यावर बाई सोडते, तसा लांब श्वास तिनं सोडला.

"किती त्रास होतोय आता? शून्य ते दहा?"

झूरानं तिच्याकडे पाहिलं. चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ होता.

"कसला त्रास, एजे?"

सायकालला आनंद झाला. असं इतक्या लवकर होत नाही, पण होतं कधीकधी.

२

कुबात हा बाजार ते कोक-जार या रस्त्यावर मार्शरुत्का, म्हणजे प्रवाशांची छोटी गाडी, चालवायचा. चिखलात त्याचा थोरला भाऊ गेला. भाऊ कुस्तीगीर होता, दारातून वाकून आत यायचा. कुबातनं स्वतःच्या हातांनी त्याला उकरून काढलं होतं. त्याबद्दल न बोलण्यासाठी तो सतत बडबड करायचा.

"एजे, नुसती बोटं हलवून माणूस बरा होतो म्हणे. मी दिवसभर अख्खं चाक फिरवतो, एकसुद्धा प्रवासी बरा होऊन उतरत नाही!"

"तुझी गाडी बघता, आहे तसा उतरतो तेच खूप."

तो हसला आणि हसता हसता रडू लागला. सायकालनं बोटं उचलली. तो नीट काम करत होता. घामेजला, थरथरला, मुठी आवळून बसला, पण पळाला नाही. आणि मग त्याचीही नजर गेली आणि परत आली नाही. तीच बाजू, तीच भिंत. फक्त खाली नव्हे, वर. खुंट्यांच्याही वर.

सायकालनं मान वळवून पाहिलं. तिचा कोट, तिची शाल, एक रिकामी खुंटी.

"चला, मोकळं वाटलं," कुबात म्हणाला आणि टोपी उचलून शीळ घालत गेला.

संध्याकाळी तिनं लिदिया मार्कोव्नांना फोन लावला.

"डोळे थकतात गं," त्या म्हणाल्या. "खिडकीचा उजेड भिंतीवर पडत असेल. नाहीतर मन दार लावून घेतं आणि माणूस बसल्या जागी निघून जातो. हे तुला मी सांगायचं?"

"पण दोघंही बरे झाले."

"मग रडतेस कशाला? खुर्च्या फिरव."

सायकालनं खुर्च्या फिरवल्या. आता रुग्णाच्या समोर खिडकी आली, आणि खुंट्यांची भिंत आली त्याच्या पाठीशी. पुढच्या आठवड्यात आलेल्या एका बाईनं बोटांमागे जाता जाता खुर्चीतच अंग वळवलं, आणि मान पाठीमागे टाकून ती भिंतीकडे बघत बसली. तिची मान दुखेल म्हणून सायकालनं खुर्च्या पुन्हा होत्या तशा केल्या. आपण हे तेवढ्याचसाठी करतोय, असं तिनं स्वतःला बजावलं.

३

झूराचा नवरा तेमिर वेल्डिंगचं काम करायचा. तो कधी दवाखान्यात आला नव्हता. आपल्याला काही झालेलं नाही, असं तो म्हणायचा. एका दुपारी तो दारात येऊन उभा राहिला.

"घरी या," तो म्हणाला. "मी सांगून उपयोग नाही. तुम्ही बघा."

त्यांचं नवं घर गावाच्या कडेला, सरकारनं दिलेल्या प्लॉटवर होतं. दारातच तापलेल्या तेलाचा वास आला. झूरा बोरसोक तळत होती. पिठाचे ते छोटे फुगीर तुकडे तेलात सोडले की वास गेलेल्या माणसांपर्यंत पोचतो, म्हणून ते त्यांच्या नावानं तळतात. सायकालला बरं वाटलं. म्हणजे ही विसरलेली नाही, सावरली आहे.

"एजे! या, या, वर बसा!" झूरानं तिला मानाच्या जागी बसवलं, पुढ्यात लोणी ठेवलं, जर्दाळूचा मुरंबा ठेवला. ती भरली होती, गाल वर आले होते. "झोप कशी लागते म्हणून सांगू! मेल्यासारखी."

"बोरसोक कुणासाठी तळलेस?" सायकालनं सहज विचारलं.

"सासऱ्यांसाठी. आज त्यांचा दिवस."

"आणि आयपेरीसाठी?"

झूरानं झारा निथळत धरला. "कोण आयपेरी?"

तेमिर भिंतीला टेकून बसला होता. त्यानं डोळे मिटले.

सायकालनं भिंतीवरच्या, कडेला चिखलाचे डाग राहिलेल्या फोटोकडे पाहिलं. शाळेचा पहिला दिवस, डोक्यावर पांढऱ्या फितीची दोन मोठी फुलं, समोरचा दात पडलेला. "ही मुलगी, झूरा."

"ती होय!" झूरा मोकळेपणानं हसली. "मी यांना केव्हाची विचारतेय, ही कुणाची पोर आपल्या भिंतीवर? म्हणे आपली. मूल व्हावं म्हणून किती नवस केलेत मी, एजे, आणि हा माणूस माझी अशी थट्टा करतो." तिनं नवऱ्याला पाठीत लटकी चापट मारली. "चिखलातून काढलेला एवढासा पलंग पण होता एक. शेजारणीला देऊन टाकला."

हातातल्या पेल्यातला चहा मांडीवर सांडतोय, हे सायकालला बराच वेळ कळलं नाही. तिनं हजार प्रकारची माणसं पाहिली होती. मूल गेलंच नाही म्हणणारी, त्याचं ताट वाढणारी, नाव घेतलं की बेशुद्ध पडणारी. त्यांच्या त्या न मानण्याखाली कुठेतरी जखम ठणकत असते आणि बोट लावलं की कळते. तिनं पुन्हापुन्हा विचारलं, वेगवेगळ्या वाटांनी विचारलं. झूराच्या आत काहीच नव्हतं. तिथे कधी काही होतं, याची खूणसुद्धा नव्हती.

तेमिर तिला रस्त्यापर्यंत सोडायला आला.

"सुरुवातीला वाटलं, सुटली बिचारी," तो म्हणाला. "पण आता त्या पोरीला ओळखणारा मी एकटा उरलो. ती कशी हसायची ते मला नीट आठवत नाही आणि विचारायला कोणी नाही. तुम्ही जे काढून घेतलंत ना, ते परत द्या."

"तेमिर, मी काही काढून घेत नाही. मी फक्त..."

"फक्त बोटं हलवता. कळलं."

बसच्या थांब्यावर कुबातची गाडी उभी होती. तो बसल्या जागेवरून ओरडला, "एजे, पुढे बसा!" तिनं धीर करून त्याच्या भावाचं नाव घेतलं.

"भाऊ?" कुबात म्हणाला. "मी एकुलता एक. म्हणून तर एवढा लाडावलेला!"

४

काम थांबवायचं, हे तिनं त्याच दिवशी ठरवलं. पण ओर्मोन दुसऱ्या सकाळी आधीच येऊन बसले होते. कोक-जारचे हे म्हातारे. त्यांना सगळं गाव बाबा म्हणायचं. त्यांची बायको चिखलात गेली. झोप येत नाही म्हणून सून त्यांना धरून आणायची, आणि ते दर वेळी फक्त गप्पा मारून, चहा पिऊन परत जायचे.

"आज बोटं हलवून टाक, पोरी," ते म्हणाले. "सून घरात घेत नाही नाहीतर. म्हणते, रात्रभर भुतासारखे फिरता."

"आज नको, बाबा. आज नुसतं बोलू."

"बोलून बोलून दाढी वाढली. हलव."

ती का तयार झाली? आपल्याला बघायचं होतं, असं तिनं नंतर कबूल केलं. एकदाच, थोडंसं, आणि थांबवू. तिनं बोटं उचलली. म्हाताऱ्याचे पाणावलेले डोळे बोटांमागे गेले, आले, गेले. आणि थांबले.

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, मान पुढे काढली.

"ती तेमिरची पोर ना?"

सायकालचा हात हवेत राहिला.

"तीच. आयपेरी. भिंतीकडे तोंड करून का उभी केलीय तिला?" त्यांचा आवाज चढला. "कुणी शिक्षा केली? आणि हा पैलवान इथे काय करतोय? अरे बाळा, इकडे बघ की." त्यांनी हाक मारली. मग हळूहळू त्यांचा हात टोपीकडे गेला. "पोरी, तुझ्या खोलीत किती माणसं आहेत. आणि तू त्यांच्याकडे पाठ करून बसतेस?"

ती वळली नाही. आपल्या मानेवर ओलसर गार काहीतरी येतंय, खिडकी उघडी आहे, म्हणून येतंय, एवढंच ती स्वतःला सांगत राहिली. खिडकी समोर होती.

ओर्मोन काठी टेकत उठले.

"माझी म्हातारी मी इथे सोडून जाणार नाही," ते म्हणाले. "आयुष्यभर भांडलो आम्ही. रात्री ती येते, म्हणते, तुम्ही आधी मरायला हवं होतं, मला उशीर केलात. मी म्हणतो, खरंय. एवढंच राहिलंय माझ्याकडे. मला बरं नाही व्हायचं."

दार लागलं. सायकाल खुर्चीत तशीच बसून राहिली. चुन्याच्या भिंतीमागे उंदीर असतात. जुन्या इमारतीत पाण्याचे नळ वाजतात. पण तिला ऐकू येत होतं ते नळासारखं नव्हतं. सर्दी झालेलं मूल नाक वर ओढतं, तसं होतं.

५

तिनं झूराला बोलावलं. तेमिर बाहेरच्या बाकावर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवून. आत सायकालनं झूराला आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः रुग्णाच्या खुर्चीत बसली.

"म्हणजे आज मी डॉक्टर?" झूराला गंमत वाटली. तिनं दोन बोटं उचलली आणि सायकालचा तो मऊ आवाज हुबेहूब काढला, "सांगा, कुठे आहात आत्ता?"

मनात काय धरावं, हे सायकालला कळेना. बोट ठेवावं असं काही तिच्या आयुष्यात घडलं नव्हतं. तिनं वडील धरले. ते म्हातारे होऊन, झोपेत गेले होते. त्यात दुखण्यासारखं फारसं नव्हतं. झूराची बोटं हलू लागली. तिच्या अंगठीतला लाल खडा डावीकडे गेला, उजवीकडे आला. गेला, आला. खिडकीबाहेर कोणीतरी सतरंजी झटकत होतं. त्या धपधप आवाजावर बोटांची लय बसली.

वास आधी आला. ओल्या मातीचा, मुळांसकट उपटलेल्या गवताचा.

मग पाय दिसले. हिरव्या रंगापुढे पायच पाय, घोट्यापर्यंत चिखलात माखलेले, कुणाचे अनवाणी, कुणाच्या एकाच पायात रबरी बूट. बाजाराच्या दिवशी गाडीची वाट बघणारे उभे असतात, तशी माणसं खेटून उभी होती, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. कोणी हलत नव्हतं. सर्वांत पुढे, पैलवानाच्या मांडीएवढ्या उंचीवर, एक सुटलेली वेणी होती.

सायकालला ओरडायचं होतं. आणि तेवढ्यात तिला कळलं, की टोकाचा एकजण चिखलानं माखलेला नाही. तो कोरडा होता. विशीचा मुलगा, अंगात सैनिकाचा राखाडी कोट. आणि तो एकटाच भिंतीकडे बघत नव्हता. त्याच्या भुवया मध्ये जुळलेल्या होत्या, आरशात ती रोज बघते तशा. त्याचा चेहरा हळूहळू उजळला. खूप वेळ थांबवून ठेवलेल्या माणसाला शेवटी कोणीतरी न्यायला यावं, तसा.

"साकिश," तो म्हणाला.

सायकालचं ते लाडाचं रूप, पण त्या नावानं तिला कोणीच हाक मारत नव्हतं. तो कोण, हेही तिला ठाऊक नव्हतं. तिनं डोळे घट्ट मिटले.

खुर्ची आपटल्याचा आवाज आला. तिनं डोळे उघडले, तेव्हा समोर चुना होता, कोट होता, शाल होती, आणि भिंतीच्या पायथ्याशी झूरा गुडघ्यांवर होती. ती वळली होती. तिनं पाहिलं होतं. आणि ती पळाली नव्हती, पुढे गेली होती. दोन्ही हात तिनं हवेत कशालातरी घट्ट मिठी मारल्यासारखे वेढले होते.

"उठ," ती म्हणत होती. "उठ गं आयपेरी, सकाळ झाली, उठ, उठ..."

मग ती जे रडली, ते सगळ्या दवाखान्यानं ऐकलं. तेमिर धावत आला. तिनं त्याच्या छातीवर बुक्क्या मारल्या.

"मला सांगितलं का नाहीस? का नाही सांगितलंस?"

"सांगितलं गं. रोज सांगितलं." तोही रडत होता, पहिल्यांदाच, सगळ्यांसमोर. त्यानं तिला उचलून उभं केलं. जाताना ते दोघं एकमेकांना धरून दारातून आडवे निघाले. एकटं कुणालाच चालता येत नव्हतं.

६

त्यानंतर सायकाल त्या खुर्चीत बसून राहिली. तिनं स्वतःची बोटं हलवली, पेन हलवलं, भिंतीवर हात फिरवला. चुना कोरडा होता. शेवटी तिनं फोन लावला.

"लिदिया मार्कोव्ना, शिकत असताना मी कधी रुग्णाच्या खुर्चीत बसले होते का?"

"प्रत्येकाला बसवते मी. तू बसलीस आणि एकाच बैठकीत बरी झालीस. असं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणून तर तुला निवडलं."

"कशातून बरी झाले?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"सायकाल, चेष्टा करतेयस?"

"कशातून?"

"आईकडे जा," लिदिया मार्कोव्ना म्हणाल्या. त्यांचा आवाज तिनं असा घाबरलेला कधी ऐकला नव्हता. "आजच निघ."

डोंगराची खिंड ओलांडून, भाड्याच्या गाडीत इतर प्रवाशांमध्ये अवघडून बसून, ती दुसऱ्या दिवशी दुपारी आईच्या गावी, तोकमोकला पोचली. आई अंगणात भोपळे झाकत होती. न कळवता आलेल्या लेकीला बघून ती घाबरली, मग आनंदली, मग तिनं चहा मांडला. सायकालनं पेल्याला हात लावला नाही.

"आई, आपल्या घरात आणखी कोणी होतं?"

म्हातारीचे हात टेबलावर थांबले. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग सगळा आकसला.

"इतक्या वर्षांनी विचारलंस," ती म्हणाली. "मी तुझ्या भावाचं नाव काढलं की तू उठून जायचीस. मला वाटलं, तुला सोसत नाही. मग मीही काढेनाशी झाले. तुझे वडील तर तुझ्यामुळे फोटोसुद्धा लपवून ठेवायचे, बिचारे."

"काय नाव होतं?"

आई हसली, रडता रडता. तिनं नाव सांगितलं.

किटलीतलं पाणी उकळत होतं, ते सायकालला ऐकू आलं. शेजारचं कुत्रं भुंकलं, ते ऐकू आलं. आईचे ओठ उघडले आणि मिटले.

"पुन्हा सांग."

आईनं पुन्हा सांगितलं. जरा मोठ्यानं, प्रेमानं, जिभेवर घोळवत.

"आई, पुन्हा."

आईनं तिच्याकडे पाहिलं. ती टेबलाच्या या बाजूला आली, लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि लहान मुलाला बोलायला शिकवतात तशी, एकेक अक्षर सुटं करून, अगदी तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन सांगितलं. सायकालला तिचा श्वास गालावर लागला. चहाचा वास आला. ओठांचे आकार तिनं तसेच्या तसे गिरवले, आणि तिच्या स्वतःच्या तोंडातून काहीही बाहेर आलं नाही.

"ऐकू येत नाही का गं?" आईनं कुजबुजत विचारलं.

सायकालनं नाही म्हणून मान हलवली. आई खाली बसली, अगदी हळू, गुडघे धरत, जसं त्या वयाचं माणूस बसतं.